व्हेपचे यंत्र स्वच्छ ठेवले म्हणजे ते सुरक्षित झाले का?

परदेशात शिकायला गेलेला मुलगा सुट्टीत घरी येतो. त्याची बॅग आवरताना आईच्या हाताला पितळेची एक जड नळी लागते. सोबत बारीक तारेची वेटोळी, कापसाची पुडी, चिमटा आणि हिरव्या वेष्टनाची एक बॅटरी. मुलगा म्हणतो, "अगं, हे व्हेपचं आहे. मी रोज साफ करतो, काही होत नाही." आई आमच्याकडे येते आणि विचारते, "डॉक्टर, साफ ठेवलं तर खरंच चालतं का हो?"

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग यंत्राचा, म्हणजे बॅटरी, तार आणि स्फोटाचा. दुसरा भाग फुप्फुसांचा. साफसफाईने पहिल्या भागातला धोका थोडा कमी होतो, दुसऱ्यातला फारसा होत नाही. कसा ते या लेखात पाहू. भारतात या वस्तूंवर बंदी आहे, त्यामुळे इथे ती वापरावी कशी हे सांगण्याचा प्रश्नच नाही. पण ती घरात आली असेल, किंवा घरातले कोणी ब्रिटनसारख्या देशात ती वापरत असेल, तर कुटुंबाला नेमकी माहिती असायला हवी.

हा विषय आत्ताच का?

गेल्या काही वर्षांत जगात दोन वेगळ्या दिशांनी कायदे झाले. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आणली.

ब्रिटनने सरसकट बंदी घातली नाही. मात्र १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री तिथे बंद झाली. बेल्जियमने तेच जानेवारी २०२५ मध्ये केले, फ्रान्सने फेब्रुवारीत आणि न्यूझीलंडने जूनमध्ये. कारणे दोन: शाळकरी मुलांमध्ये पसरलेले व्यसन आणि कचऱ्यात जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्या.

निर्णय चांगल्या हेतूने झाला, पण त्याचा एक परिणाम फारसा चर्चेत आला नाही. फेकायची वस्तू सांभाळावी लागत नाही. संपली की टाकली. आता दुकानात मिळते ती पुन्हा भरायची, पुन्हा चार्ज करायची वस्तू. तिची टाकी धुवावी लागते, कॉइल बदलावी लागते, बॅटरीकडे लक्ष द्यावे लागते. म्हणजे सुरक्षिततेची जी जबाबदारी आधी कारखान्याकडे होती, तिचा एक हिस्सा वापरणाऱ्याच्या हातात आला. आणि वापरणारा बहुतेक वेळा विशी-बाविशीतला असतो, एका खोलीत तिघांसोबत राहणारा, पैसे वाचवणारा. त्यातले काही जण पुढे 'मेकॅनिकल मॉड' नावाच्या प्रकाराकडे वळतात. सगळ्यात जास्त काळजीचा प्रकार तोच आहे.

मेकॅनिकल मॉड म्हणजे नेमके काय?

दुकानात मिळणाऱ्या साध्या व्हेपमध्ये एक छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. बॅटरी फार तापली, तारा एकमेकींना चिकटल्या, बटण फार वेळ दाबले गेले, बॅटरी फार उतरली, तर हे सर्किट प्रवाह तोडते. घरातल्या वीजमीटरजवळच्या एमसीबीसारखेच ते काम करते.

मेकॅनिकल मॉडमध्ये हे सर्किटच नसते. एक धातूची नळी, आत एक बॅटरी, खाली दाबायचे बटण आणि वर तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल. कॉइलमध्ये कापूस आणि कापसात ई-लिक्विड. बटण दाबले की बॅटरी थेट कॉइलला जोडली जाते. तार तापते, द्रवाची वाफ होते. मध्ये थांबवणारे कोणी नाही. वापरणाऱ्यांना हेच आवडते, कारण धूर भरपूर येतो, यंत्र साधे असते आणि कॉइल स्वतःच्या हाताने वळता येते.

थोडे गणित करू, ते शाळेतलेच आहे. प्रवाह म्हणजे व्होल्टेज भागिले रोध. पूर्ण चार्ज झालेल्या लिथियम-आयन बॅटरीचे व्होल्टेज ४.२ असते. कॉइलचा रोध ०.५ ओहम असेल तर प्रवाह ८.४ अँपिअर. ०.२ ओहम असेल तर २१ अँपिअर. ०.१ ओहम असेल तर ४२ अँपिअर. या यंत्रांत बहुधा वापरली जाणारी बॅटरी '१८६५०' या मापाची असते, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीची आणि ६५ मिलिमीटर लांबीची. चांगल्या प्रतीची अशी बॅटरी सलग साधारण २० ते ३० अँपिअर देऊ शकते. वेष्टनावर त्याहून मोठा आकडा छापलेला असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणजे तारेचे एक वेटोळे कमी पडले, किंवा दोन वेढे एकमेकांना टेकले, की आपण सुरक्षित मर्यादेच्या बाहेर जातो. डोळ्यांना त्यात काही फरक दिसत नाही. तो फक्त ओहममीटरवर दिसतो.

अस्वच्छतेपासून स्फोटापर्यंतचा रस्ता

लिथियम-आयन बॅटरीत दोन थरांच्या मध्ये अतिशय पातळ पडदा असतो आणि आत ज्वलनशील द्रव. बॅटरीतून क्षमतेपेक्षा जास्त प्रवाह गेला की ती तापते. ठरावीक तापमानानंतर पडदा वितळतो, आतल्या आत शॉर्टसर्किट होते, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. हे चक्र एकदा सुरू झाले की बाहेरून थांबवता येत नाही. आतला वायू जोरात बाहेर पडतो. बॅटरी मोकळ्यावर असेल तर आग लागते. ती धातूच्या बंद नळीत असेल आणि वायूला वाट नसेल, तर नळी बंदुकीसारखी काम करते. तिचे एक टोक त्या वेळी माणसाच्या तोंडाशी असते.

आता साफसफाईचा संबंध कुठे येतो ते पाहा.

- बटण चिकट होणे. ई-लिक्विड गोड आणि चिकट असते. ते झिरपून बटणात गेले की बटण दाबल्यावर वर येत नाही. यंत्र खिशात असताना आपोआप चालूच राहते.
- वायूची छिद्रे बुजणे. नळीच्या तळाला लहान छिद्रे असतात. ती मळ आणि कापसाच्या तंतूंनी भरली की वायूला वाट उरत नाही.
- संपर्काच्या जागा काळवंडणे. पितळ किंवा तांब्यावर थर चढला की तिथे रोध वाढतो, नळीच तापू लागते आणि खालची स्प्रिंग मऊ पडून बटण नीट परतत नाही.
- बॅटरीचे वेष्टन फाटणे. हे सगळ्यात महत्त्वाचे. बॅटरीचे वरचे छोटे टोक सोडले तर तिचा पूर्ण बाह्यभाग ऋण ध्रुव असतो. पातळ प्लास्टिकचे वेष्टन एवढेच त्याला झाकते. साफ करताना बॅटरी काढली-घातली की ते कडेला खरचटते. मग धातूची नळीच शॉर्टसर्किट करते.
- जोडणी चुकणे. काही मॉडमध्ये वरच्या भागाची पिन थेट बॅटरीला टेकते. सगळे खोलून, धुऊन पुन्हा बसवताना ती पिन पुरेशी बाहेर आली नाही, तर वरच्या भागाची कडाच बॅटरीच्या दोन्ही ध्रुवांना एकाच वेळी टेकते. बटण दाबताक्षणी पूर्ण शॉर्टसर्किट.

शेवटचे दोन मुद्दे पुन्हा वाचा. दोन्ही साफसफाईच्या वेळीच घडतात. म्हणून "मी रोज साफ करतो" हे वाक्य ऐकून निर्धास्त होता येत नाही. साफ करणे आणि नीट जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे खरोखर किती वेळा घडते?

घाबरवायचे नाही, पण आकडे समोर असावेत. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने जानेवारी २००९ ते डिसेंबर २०१६ या काळात तिथल्या माध्यमांत आलेल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या घटना मोजल्या. त्या १९५ भरल्या. १३३ जणांना इजा झाली आणि त्यातल्या ३८ इजा गंभीर होत्या. ६१ घटनांत यंत्र किंवा सुटी बॅटरी खिशात होती. तोवर मृत्यू झालेला नव्हता. त्यानंतर २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये अशा स्फोटाने प्रत्येकी एका तरुणाचा जीव गेला.

बातमीत न आलेल्या इजा बऱ्याच असतात. अमेरिकेतल्या तातडीच्या विभागांच्या नोंदींवरून केलेल्या एका अंदाजानुसार २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत अशा भाजण्याच्या आणि स्फोटाच्या इजांसाठी सुमारे २,०३५ जण रुग्णालयांत आले.

वापरणाऱ्यांची संख्या लाखांत आहे, त्या मानाने ही संख्या लहान आहे, हे खरे. पण इजा होते ती मांडीला, जननेंद्रियाजवळ, हाताला, ओठ-दातांना आणि डोळ्यांना. त्वचारोपण करावे लागते. वीस वर्षांच्या मुलाला ते आयुष्यभर पुरते.

यंत्र लखलखीत आहे, मग फुप्फुसांचे काय?

मळलेला कापूस आणि जळकी कॉइल वापरली तर त्रास वाढतो, हे मान्य. कापूस कोरडा पडला किंवा करपला की ई-लिक्विडमधले प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन जास्त तापतात आणि त्यांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन असे दाहक पदार्थ तयार होतात. घशाला झोंबणारी करपट चव येते ती याचीच. कापूस वेळेवर बदलला तर हे कमी होते.

पण यंत्र नवे कोरे असले तरी पुढच्या गोष्टी राहतातच:

- धातू. तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियम, शिसे यांचे अंश वाफेत येतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की बाटलीतल्या द्रवापेक्षा कॉइलवरून गेलेल्या वाफेत हे धातू कितीतरी जास्त असतात. म्हणजे ते यंत्रातूनच येतात.
- निकोटीन. ते नाडी आणि रक्तदाब वाढवते, व्यसन लावते आणि गर्भाच्या वाढीला घातक असते. स्वच्छ यंत्रातून ते तितकेच मिळते.
- स्वादद्रव्ये. बिस्किटात किंवा आइस्क्रीममध्ये खायला चालणारा पदार्थ श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यावर चालेलच असे नाही. लोण्याचा स्वाद देणारे डायॲसिटिल पोटात निरुपद्रवी असते, पण पॉपकॉर्नच्या कारखान्यांत त्याची वाफ श्वासात गेल्याने कामगारांच्या लहान श्वासनलिकांना कायमची इजा झाली होती.
- जंतूंचे अवशेष. हार्वर्डच्या एका अभ्यासात बाजारातली ७५ न वापरलेली उत्पादने तपासली. त्यातल्या २३ टक्क्यांत जीवाणूंचे विष आणि ८१ टक्क्यांत बुरशीचे घटक सापडले. सीलबंद वस्तूतच ते असतील, तर घरी धुऊन ते कसे जाणार?

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसांना तीव्र इजा झाल्याची साथच आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. कारण शोधताना ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतला द्रव तपासला गेला. ४८ जणांत 'व्हिटॅमिन ई ॲसिटेट' हा तेलकट पदार्थ सापडला. गांजाच्या अर्काच्या, बहुतांशी चोरट्या बाजारातल्या काडतुसांत तो भेसळ म्हणून घातला जात होता. त्या रुग्णांचे यंत्र स्वच्छ होते की मळके, याने काहीच फरक पडला नसता. प्रश्न आत काय भरले होते याचा होता.

आपल्यासाठी यात एक धडा आहे. भारतात जे काही विकले जाते ते सगळेच चोरट्या मार्गाने येते. बाटलीत काय आहे, निकोटीन किती आहे, बॅटरी अस्सल आहे का, हे कोणीही तपासलेले नसते. लेबल छान छापलेले असते एवढेच.

घरातले कोणी परदेशात मेकॅनिकल मॉड वापरत असेल तर

आमचा पहिला सल्ला: ते बाजूला ठेवा. सिगारेट सोडण्यासाठी तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हेप वापरत असाल, तर संरक्षक सर्किट असलेले, अधिकृत दुकानातले यंत्र घ्या. धूम्रपान सोडायला मेकॅनिकल मॉडची काहीही गरज नसते.

तरीही ते बंद होईपर्यंतच्या काळात निदान एवढे पाळा:

१. साफ करण्याआधी बॅटरी बाहेर काढा. बॅटरी कधीही पाण्याखाली धरू नका.

२. टाकी आणि धातूचे सुटे भाग कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. पेचांमध्ये ओल राहता कामा नये.

३. संपर्काच्या जागा पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरत असाल तर जवळ गॅस, मेणबत्ती, सिगारेट नको. ते उडून गेल्याशिवाय बॅटरी घालू नका.

४. तळाची छिद्रे मोकळी आहेत आणि बटण दाबून सोडल्यावर लगेच वर येते, हे दर वेळी बघा.

५. बॅटरीच्या वेष्टनाला जरासुद्धा चीर असेल, ती फुगली असेल, पडून चेपली असेल, तर वापरू नका. चिकटपट्टी लावून काम भागवू नका.

६. कॉइल बदलल्यावर आणि प्रत्येक खोला-जोडीनंतर ओहममीटरवर रोध मोजा. मीटर नसेल तर यंत्र चालू करू नका.

७. सुटी बॅटरी खिशात, किल्ल्या किंवा नाण्यांसोबत ठेवू नका. प्लास्टिकची डबी रुपया-दोन रुपयांची नसली तरी त्वचारोपणापेक्षा स्वस्त असते.

८. चार्जिंग वेगळ्या, चांगल्या चार्जरवर आणि जागे असताना करा. उशीखाली, गादीवर किंवा रात्रभर नाही.

९. मळलेली कॉइल लाल होईपर्यंत कोरडी तापवून 'साफ' करण्याची पद्धत व्हिडिओंत दिसते. त्यातून उठणारा धूर हुंगू नये आणि तो प्रयोग बंद खोलीत तर मुळीच करू नये. कॉइल बदलणे हाच चांगला मार्ग.

ई-लिक्विड हे विष आहे, तसेच सांभाळा

साफसफाईच्या वेळी दुसरा धोका असतो तो सांडलेल्या द्रवाचा. ब्रिटन आणि युरोपीय संघात ई-लिक्विडची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटीन आणि बाटली १० मिलिलिटरची. म्हणजे त्या एका छोट्या बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटीन असू शकते. तुलनेसाठी, तंबाखू सोडण्यासाठीच्या एका गोळी-च्युइंगगममध्ये २ मिलिग्रॅम असते. लहान मुलासाठी बाटलीतले दोन-चार घोटही जीवघेणे ठरू शकतात. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एका तान्ह्या वयाच्या मुलाचा असा मृत्यू झाला होता. आंबा, स्ट्रॉबेरी, चॉकलेटचा वास असलेली रंगीत बाटली मुलाला सरबतासारखी वाटते.

निकोटीन त्वचेतूनही शोषले जाते. हातमोजे घाला, सांडल्यास साबण-पाण्याने लगेच धुवा. यंत्र स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये, भांड्यांसोबत धुऊ नका. वापरलेला कापूस उघड्या कचऱ्यात टाकू नका.

मुलाने द्रव गिळल्याचा संशय असेल आणि उलटी, लाळ गळणे, घाम, चेहरा पांढरा पडणे, छातीत धडधड, सुस्ती किंवा झटके दिसत असतील, तर वेळ घालवू नका. ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, मीठ-पाणी पाजू नका. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालयात जा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. लक्षणे दिसत नसली तरी मुलाला दाखवून आणा.

स्फोट झाला किंवा भाजले तर

- आधी यंत्रापासून दूर व्हा. खिशात पेटले असेल तर कपडा ताबडतोब उतरवा. बॅटरी पुन्हा पेट घेऊ शकते, हातात धरू नका.
- भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरा. बर्फ नको. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावू नका.
- अंगठी, घड्याळ काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका.
- डोळ्यात काही उडाले असेल तर किमान १५ मिनिटे पाण्याने धुवा आणि नेत्रतज्ज्ञांकडे जा.
- चेहरा, तोंड किंवा मान यांना इजा असेल, आवाज बसला असेल, गिळता येत नसेल, तर श्वासमार्ग सुजू शकतो. ही तातडीची अवस्था आहे.
- डॉक्टरांना "लिथियम-आयन बॅटरी फुटली" असे स्पष्ट सांगा. ही जखम नुसती उष्णतेची नसते, रसायनाचीही असते. जखमेचा पीएच तपासून उपचार ठरवावे लागतात. "चहा सांडला" असे खोटे सांगितले तर हे राहून जाते.

शेवटचा मुद्दा आम्ही मुद्दाम लिहिला आहे. बंदी असल्यामुळे मुले खरे सांगत नाहीत आणि घरचेही लपवतात. डॉक्टरांचे काम उपचार करणे आहे. तुम्ही दिलेली माहिती आमच्याकडे गोपनीय असते.

भारतात कायदा काय म्हणतो?

२०१९ च्या कायद्यानुसार उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात अशा गुन्ह्यांना पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसते ओढणाऱ्यासाठी कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. मात्र २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने, कोणत्याही स्वरूपात ही वस्तू जवळ बाळगणे हेही उल्लंघनच, अशी भूमिका स्पष्ट केली. परदेशातून येताना बॅगेत आणणे म्हणजे आयात, हे सुट्टीवर येणाऱ्या मुलांना आधीच सांगा.

बंदी बरोबर की चूक यावर जगात दोन मते आहेत आणि दोन्हींना आधार आहे. निकोटीन असलेल्या ई-सिगारेटने, निकोटीनच्या पट्ट्या किंवा गमपेक्षा जास्त लोकांची सिगारेट सुटते, असे कॉक्रेनच्या आढाव्यात दिसते. ब्रिटनचे धोरण त्यावर उभे आहे. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या २८.६ टक्के भारतीयांना तंबाखूची सवय होती आणि त्यातले बरेच जण ती ओढत नाहीत, खातात. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते. गायछाप-चुना चोळणाऱ्याला व्हेपचा उपयोग काय? इथे त्याचे नवे गिऱ्हाईक सिगारेट सोडणारा काका नसून, सिगारेट कधीच न ओढलेला कॉलेजकुमार असतो. आमच्या मते, भारतापुरता तरी तोच मुद्दा निर्णायक ठरतो.

घरात सापडले तर काय कराल?

आरडाओरडा करून यंत्र खिडकीतून फेकू नका. चेपलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत पेट घेऊ शकते. बॅटरी बाहेर काढा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर द्या. ई-लिक्विड बेसिनमध्ये ओतू नका. बाटली घट्ट बंद करून मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा आणि घातक कचऱ्यासोबत द्या.

मग मुलाशी बोला. "कधीपासून?", "सकाळी उठल्यावर किती वेळात लागते?", "सोडायचा प्रयत्न केलास का?" असे विचारा. उठल्यापासून अर्ध्या तासात लागत असेल तर अवलंबन जास्त आहे, आणि नुसत्या शपथेवर ते सुटणार नाही. निकोटीन गम, पट्ट्या, काही औषधे आणि समुपदेशन यांनी ते सुटते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-२३५६ आहे. पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड, झोप न लागणे, भूक वाढणे हे होणारच. त्या दिवसांत घरच्यांनी टोमणे मारले नाहीत तर अर्धे काम होते.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

व्हेप वापरणाऱ्याला खोकला, धाप, छातीत दुखणे, ताप, त्यासोबत मळमळ, उलट्या किंवा जुलाब असतील तर थांबू नका. एक्स-रेमध्ये न्यूमोनियासारखे चित्र दिसते आणि व्हेपची माहिती दिली नसेल तर निदान चुकते. दमा, हृदयविकार, गर्भारपण किंवा ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञांसह सगळ्यांना व्हेपबद्दल आधीच सांगा.

आता त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर. साफ ठेवलेले यंत्र फुटण्याची शक्यता मळक्या यंत्रापेक्षा कमी असते, तीही जोडणी बरोबर असेल तर. पण त्यातून जे आत जाते ते बदलत नाही. मुलाच्या हातातला चिमटा आणि कापूस बघून धीर धरू नका. तो यंत्राची जितकी निगा राखतो, तितकी स्वतःच्या फुप्फुसांची राखायला त्याला मदत करा.